आपल्या अक्षरांत आपला पत्ता

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी चालक मंडळींची सूचना आली. विषयासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. गेली काही वर्षे शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे काम आमच्याकडे आहे. त्या अर्जातील ज्या एका रकान्यापाशी पालक हमखास अडतात, तो रकाना म्हणजे ई-मेलचा पत्ता. हा पत्ता इंग्रजी अक्षरांतच का लागतो, तो मराठीत, कन्नडात किंवा उर्दूत लिहिता येतो काय, आणि येत असेल तर तो सर्वत्र चालत का नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय थोडा तांत्रिक खरा. परंतु ज्यास टपालाची व्यवस्था समजते, त्यास हाही समजेल.

नाव आणि आकडा

इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. माणसाला लांबलचक आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून माणसाच्या सोयीसाठी नावे आली. इंटरनेटचा पूर्वज जे आर्पानेट, ते अमेरिकेत १९६९ साली सुरू झाले. त्या वेळी यंत्रे मोजकीच होती. कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत ठेवलेली असे, आणि बाकीचे सर्वजण तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तसे हे काम आवाक्याबाहेर गेले. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत आखून दिली. तीच आजही चालू आहे.

या पद्धतीत नावाचे तुकडे टिंबांनी वेगळे केलेले असतात. पाकिटावर आपण आधी घर, मग गल्ली, मग गाव, शेवटी राज्य लिहितो, तसाच हा क्रम आहे. शेवटचा तुकडा सर्वांत मोठ्या विभागाचा. तो विभाग ज्याच्या ताब्यात, तो आपल्या खालच्याची यादी ठेवतो, खालचा त्याच्या खालच्याची. अशी कामाची वाटणी झाल्यामुळे एका जागी सर्व जगाची यादी ठेवण्याची गरज उरली नाही.

मात्र या नावांत कोणती अक्षरे चालावीत, याचा नियम त्या वेळच्या सवयीने ठरला. अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाची एक सांकेतिक पद्धत मान्य झाली होती. तिच्यात एकूण १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या काही खुणा. यांपैकी नावासाठी २६ अक्षरे, १० अंक आणि एक संयोगरेषा, अशी अवघी ३७ चिन्हे घेतली. यात कोणाचा वाईट हेतू होता, असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी ते घर बांधले, त्यांनी आपल्या घरच्या माणसांच्या मापाने दार केले. पुढे त्या घरी सगळे जग राहावयास येईल, हे त्यांच्या ध्यानात आले नाही, एवढेच.

देवनागरीला जागा मिळाली

प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावा, या विचारातून 'युनिकोड' ही पद्धत निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्याच साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते. भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा वाटा मोठा आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा मिळाला. 'भारत' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो. परंतु यंत्राच्या दृष्टीने त्यात चार चिन्हे आहेत: भ, काना, र आणि त. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३४९, २३६६, २३५२ आणि २३४०. येथे अक्षरांचा प्रश्न सुटला. पण नावांचा सुटला नाही. कारण नावे सांभाळणारी जगभरची यंत्रे जुन्या ३७ चिन्हांवरच चालत होती. ती सर्व एका दिवसात बदलणे अशक्य होते.

त्यावर २००३ साली एक युक्ती मान्य झाली. जुनी यंत्रे आहेत तशीच राहू द्यावीत, आणि आपल्या लिपीतील नाव ३७ चिन्हांत बसेल असे रूपांतर आपल्या संगणकातील ब्राउझरने करावे. या रूपांतराच्या रीतीस 'प्युनिकोड' म्हणतात. रूपांतर झालेल्या तुकड्याच्या आरंभी 'एक्स', 'एन' आणि दोन संयोगरेषा येतात. ही खूण दिसली, की पुढे दुसऱ्या लिपीतील नाव गुंडाळून ठेवले आहे असे यंत्राने समजावे. उदाहरणार्थ, 'भारत' या शब्दाचे रूप असे होते: एक्स, एन, दोन संयोगरेषा, मग एच, दोनाचा अंक, बी, आर, जे, नवाचा अंक आणि सी. हे रूप माणसाने वाचावयाचे नाही आणि पाठही करावयाचे नाही. आपण 'भारत' लिहावे, यंत्राने आपले यंत्राचे पाहावे. दारावर मराठी पाटी आणि नगरपालिकेच्या दप्तरात घराचा क्रमांक, असाच हा प्रकार आहे.

तरीही शेवटचा तुकडा, म्हणजे देशाचे किंवा वर्गाचे नाव, इंग्रजीतच राहिले होते. डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' संस्थेने ३० ऑक्टोबर २००९ रोजी सोल येथील सभेत देशांची नावे त्यांच्या त्यांच्या लिपीत देण्यास संमती दिली. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांची अरबी लिपीतील नावे प्रथम नोंदली गेली, आणि त्याच महिन्यात रशियाचे नाव किरिलिक लिपीत आले. आपल्या देशात 'डॉट भारत' हे देवनागरी नाव २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. त्यात मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी, मैथिली, डोगरी व बोडो अशा आठ भाषांची सोय होती. पुढे इतर लिपींची भर पडून आता भारताच्या नावाची पंधरा रूपे नोंदलेली आहेत. त्यांत कन्नड आहे, उर्दूही आहे. आमच्या सीमाभागात एकाच रस्त्यावर तीन लिपींच्या पाट्या दिसतात. त्या तिन्ही लिपींना आज इंटरनेटच्या नकाशावर आपापले दार आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

लिपीचे बारकावे

दार मिळाले तरी उंबरठ्यावर अडखळण्याच्या जागा असतात. त्या मराठी माणसाला माहीत असणे अगत्याचे आहे.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द घ्या. पहिला म्हणजे समुद्र. दुसरा 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही तोच भेद. पहिल्या शब्दात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. दुसऱ्या रीतीत टिंबाचा ऱ घेऊन त्यास हलन्त देतात. २००३ च्या नियमांत अदृश्य जोडचिन्ह नावातून गाळून टाकले जाई. त्यामुळे पहिल्या रीतीने 'दऱ्या' लिहिणाऱ्याच्या पदरी 'दर्या' पडे! २०१० साली आलेल्या सुधारित नियमांत हलन्तानंतर असे चिन्ह ठेवण्यास वाव आहे. तथापि नाव नोंदताना टिंबाचा ऱ वापरणे अधिक भरवशाचे.

दुसरे उदाहरण 'ॲ' या अक्षराचे. ते आता एकच स्वतंत्र चिन्ह आहे. युनिकोडमध्ये ते २००८ साली आले. त्यापूर्वीची माणसे अ लिहून त्यावर अर्धचंद्राची मात्रा देत, आणि काही जण अजूनही देतात. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण यंत्राला ती दोन निरनिराळी नावे वाटतात. उर्दूतही हीच अडचण आहे. अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ', अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' यांचे क्रमांक वेगवेगळे. शब्दाच्या मध्ये ती अक्षरे आली की फरक ओळखता येत नाही. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून त्या लिपीतील नावाचा आरंभ अंकाने करता येत नाही; नाही तर वाचणाऱ्यास कोणता भाग आधी, हे कळेनासे होते. देवनागरी नावाचाही आरंभ सुट्या काना-मात्रेने होत नाही. यंत्राचे नियम येथे आपल्या व्याकरणाला धरूनच आहेत.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा लबाड माणसे गैरवापर करतात. रशियन लिपीतील एक अक्षर इंग्रजी 'ए'सारखेच दिसते. ते घालून एखाद्या पेढीच्या नावाची हुबेहूब नक्कल करता येते. एकाच तुकड्यात दोन लिपींची भेसळ होऊ देऊ नये, हा नियम मुख्यतः यासाठीच आहे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पैशाच्या व्यवहारात आलेल्या दुव्यावर बोट ठेवून जाऊ नये. पत्ता स्वतः लिहावा.

ई-मेलची निराळी अडचण

ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात, आणि त्यांच्या मध्ये 'ॲट' हे चिन्ह असते. हे चिन्ह १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी निवडले. चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन नाव. त्याचे प्युनिकोडमध्ये रूपांतर होते, हे आपण पाहिले. चिन्हापूर्वीचा भाग म्हणजे माणसाचे किंवा खात्याचे नाव. त्याचे मात्र असे रूपांतर करता येत नाही. कारण त्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त पोहोचण्याच्या ठिकाणच्या यंत्राला आहे. वाटेतील यंत्रांनी त्यास हात लावावयाचा नाही, असा जुना दंडक आहे. पाकिटावरील नाव वाटेतल्या डाकघराने खोडून दुसरे लिहावयाचे नसते, तसेच हे.

म्हणून २०१२ साली निराळा मार्ग मान्य झाला. एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलू लागला, की दुसरा आपणांस काय काय येते ते सांगतो. त्यात 'सर्व लिपींतील पत्ते येतात' असे त्याने सांगितले, तर पत्र पुढे जाते. न सांगितले, तर पत्र पाठविणाऱ्याकडे परत येते. म्हणजे मराठी पत्त्याचे पत्र पोहोचण्यास वाटेतील प्रत्येक डाकघर मराठी वाचणारे पाहिजे. एक जरी न वाचणारे निघाले, तरी पत्र तेथेच अडते.

प्रगती झाली नाही असे नाही. गूगलने ऑगस्ट २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांस देवनागरी पत्ते देण्याचा उपक्रम हाती घेतला. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०१९ मध्ये पंधरा भारतीय भाषांतील पत्त्यांस आपल्या सेवांत स्थान दिल्याचे जाहीर केले. मोठे रस्ते खुले झाले आहेत. अडथळा आता बहुतेक करून गल्लीच्या तोंडाशी आहे.

तो अडथळा म्हणजे अर्जाचा रकाना. अर्जाचे पान तयार करणाराने कधी काळी नियम घातलेला असतो, की पत्त्यात इंग्रजीखेरीज अक्षर नको, आणि शेवटचा तुकडा दोन किंवा तीन अक्षरी असावा. हा नियम इंटरनेटचा नव्हे. त्या पानाच्या कर्त्याचा आहे. २००१ साली 'इन्फो' आणि 'म्युझियम' ही लांब नावे आली, तेव्हा ती इंग्रजी असूनही अशा पानांनी नाकारली होती. यासाठी २०१५ पासून एक आंतरराष्ट्रीय मंडळ काम करीत आहे. संगणकाच्या प्रत्येक कार्यक्रमाने कोणत्याही लिपीतील पत्ता स्वीकारावा, तपासावा, साठवावा, त्यावर प्रक्रिया करावी आणि तो नीट दाखवावा, अशी त्याची पाच कलमे आहेत. २०२३ पासून दरवर्षी मार्च महिन्याच्या अखेरीस या कार्यासाठी एक दिवस पाळला जातो.

हा प्रश्न कोणाचा?

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, की आता सर्व मुले इंग्रजी मुळाक्षरे शिकतात, मग हा खटाटोप कशास? त्यांस आमचे उत्तर एका अनुभवाने द्यावेसे वाटते. आमच्या एका विद्यार्थिनीची आई रोज मराठी वर्तमानपत्र वाचते, बचत गटाचा हिशेब स्वतः लिहिते. मुलीचा अर्ज भरण्यास ती एका दुकानात गेली. पत्त्याच्या रकान्यात दुकानदाराने आपलाच पत्ता घातला. त्यात लबाडी नव्हती, काम लवकर उरकावे एवढेच. पुढे अर्जात त्रुटी असल्याची सूचना आली ती त्या पत्त्यावर. दुकान दरम्यान बंद झाले होते. मुदत टळून गेल्यावर गोष्ट उघडकीस आली, आणि मुलीचे ते वर्ष गेले.

ही बाई निरक्षर नव्हे. सहीच्या जागी अंगठा उठविण्याचे दिवस तिच्या आईबरोबर संपले होते. यंत्रापुढे मात्र ती पुन्हा अंगठ्यावर आली, आणि अंगठाही दुसऱ्याचा! ज्या पत्त्यावर बँकेचा निरोप, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि सरकारची सूचना येते, तो पत्ता स्वतःस लिहिता आला नाही, तर त्याची किल्लीही स्वतःकडे राहत नाही. प्रश्न भाषाभिमानाचा नसून किल्ली कोणाच्या हाती, याचा आहे.

आणखी एक गोष्ट. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत घातले की ते अनेक रूपे घेते. के, ए, एल, ई ही चार अक्षरे पाहून ते काळे की काले की कळे, हे कोण सांगणार? 'महंमद' हे नाव आमच्या समाजात घरोघर आहे. पण इंग्रजीत ते शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे असते. ही तिन्ही रूपे एकाच मुलाची आहेत, हे सिद्ध करण्यात वडिलांचे किती दिवस जातात, ते आम्ही पाहत आलो आहोत. आपल्या लिपीत घोटाळा मुळीच होत नाही असे नाही, पण पुष्कळ कमी होतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मराठी पत्ता कन्नड मित्राला कसा लिहिता येणार, आणि परदेशी गेलेल्या भाच्याला तेथील यंत्रावर देवनागरी कळफलक कोठून मिळणार? आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय असा, की एकाच खात्याला दोन पत्ते असावेत, एक आपल्या लिपीत आणि एक इंग्रजीत. कोणत्याही पत्त्यावर पत्र आले तरी ते एकाच पेटीत पडावे. इंग्रजी लिपी हा निरनिराळ्या लिपींमधला पूल म्हणून राहावी. तिचा जकातनाका होऊ नये.

आपण काय करावे?

आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत वसतिगृहे, पुस्तकपेढ्या आणि शिष्यवृत्त्या चालविल्या. त्याच परंपरेतील काही लहान कामे येथे सुचवितो.

पहिले, संस्थेचे नाव इंग्रजीबरोबर 'डॉट भारत'खाली देवनागरीतही नोंदवावे. शुद्धलेखन आधी निश्चित करावे, आणि दोन्ही नावे एकाच पानावर नेणारी असावीत. आपल्या सभासदांपैकी जे कन्नड किंवा उर्दू वाचतात, त्यांच्यासाठी त्या लिपींतील नावांचाही विचार व्हावा.

दुसरे, संस्थेचा स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रथम तपासावा. त्यात मराठी पत्ता घालून पाहावा. तो नाकारला गेला, तर दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपले घर सुधारावे.

तिसरे, समाजातील जी तरुण मुले संगणकाच्या धंद्यात आहेत, त्यांस एक विनंती. पत्ता खरा की खोटा, हे अक्षरे मोजून ठरवू नका. त्या पत्त्यावर एक पत्र पाठवा. उत्तर आले की पत्ता खरा. तुम्ही लिहिलेल्या एका ओळीने शेकडो घरांचे दार उघडते किंवा बंद होते, याची जाणीव असू द्या.

चौथे, सुटीच्या दिवशी संस्थेच्या सभागृहात माताभगिनींसाठी एक वर्ग चालवावा. स्वतःचा पत्ता कसा काढावा, परवलीचा शब्द स्वतःजवळ कसा ठेवावा, आणि अर्जात दुसऱ्याचा पत्ता का घालू देऊ नये, एवढेच तेथे शिकवावे. मराठी पत्ता सर्वत्र चालेपर्यंत इंग्रजी पत्ताही शिकवावा. पण तो त्यांनी स्वतः लिहावा. या वर्गासाठी रविवारचे दोन तास देण्यास आम्ही तयार आहोत.

पाचवे, जेथे मराठी पत्ता नाकारला जाईल, तेथे रागावून न थांबता चालकांस लेखी कळवावे. पुष्कळदा त्यांस ही उणीव माहीतच नसते. मागणी झाल्यावाचून सुधारणा होत नाही, हे टपालाच्या पेटीपासून नळाच्या तोटीपर्यंत आपण अनुभवले आहे.

संस्थेच्या आद्य चालकांपुढे मुलांस अक्षरओळख करून देण्याचे काम होते. ते त्यांनी निष्ठेने केले. ती अक्षरे यंत्रापुढेही उपयोगी पडावीत, एवढे आपल्या वाट्यास आले आहे. हे काम संस्थेच्या हातून सुफळ होवो, अशी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करतो.